वाचकांचे प्रश्न : दूध करपलं, त्यांना कळलंच नाही

प्रश्न : डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार. माझे मिस्टर ४१ वर्षांचे, साखर कारखान्यात टाइम ऑफिसला क्लार्क आहेत. गेल्या वर्षी जानेवारीत, ऐन सीझनमध्ये, दुसरी पाळी संपवून रात्री मोटारसायकलवरून येताना रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळले. ट्रॉलीला ना रिफ्लेक्टर, ना दिवा. हेल्मेट हँडलला अडकवलेलं होतं. खांद्याचं हाड मोडलं. अर्ध्या तासाने शुद्ध आली असं आणणाऱ्यांनी सांगितलं, पण पुढचे पाच-सहा दिवस ते मला ‘तू कधी आलीस?’ असं पुन्हा पुन्हा विचारत होते. डोक्याचा सिटी स्कॅन काढला. ‘थोडी सूज आहे, बाकी काही नाही’ म्हणाले. आठव्या दिवशी घरी सोडलं.

तेव्हापासून हे ते नव्हेत. मोजकं बोलणारा माणूस आता सासूबाईंसमोर, मुलीच्या मैत्रिणींसमोर नको ते बोलतो. हप्त्यावर दोन मोबाइल घेतले, कडबाकुट्टीचं यंत्र घेतलं. आमच्या दारात एक जनावर नाही! एखाद्या शब्दावरून ताट भिरकावतात आणि पाच मिनिटांनी काही घडलंच नाही असे जेवायला वाढ म्हणतात. आंघोळीला चार वेळा उठवावं लागतं. हजेरीच्या घोळावरून दोनदा मेमो आला. सासूबाई म्हणतात, बाहेरचं आहे. अमावास्येला देवऋषाकडे नेलं. त्याने मिरचीची धुरी दिली, डोळ्यांतून पाणी आलं, तर म्हणाला, ‘बघा, आतलं हललं.’ मानसोपचारवाल्या डॉक्टरांनी ‘बायपोलर’ (कधी उन्माद, कधी नैराश्य असा आजार) सांगून गोळ्या दिल्या. आता हात थरथरतात, लाळ गळते, दिवसभर झोप असते, पण वागणं तेच. दवाखान्यात मात्र दहा मिनिटं असे शहाण्यासारखे बोलतात की डॉक्टर माझ्याकडेच संशयाने बघतात. दीर म्हणतात, ‘स्वभावाला औषध नाही, वहिनी.’ खांद्याच्या हाडाबद्दल भरपाईचा दावा चालू आहे.

ता. क. : परवा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली दूध करपून घरभर धूर झाला, आणि हे शेगडीपासून चार हातांवर पेपर वाचत बसले होते. जेवणाला चव नाही म्हणून ताटही सरकवतात. हेसुद्धा वेडच का? (नाव-गाव छापू नये.)

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा ताज्या कलमापाशी थांबले. पत्र संपल्यावर आठवलं म्हणून तुम्ही जे खाली लिहिलंत, तेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुमच्या मिस्टरांना बहुधा वास येत नाही. वास गेला की चवही जाते, कारण आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग नाकातूनच येतो. जिभेला कळतं ते खारट, गोड, आंबट, कडू. फोडणीची, कोथिंबिरीची चव जिभेची नसते.

आता याचा त्यांच्या वागण्याशी संबंध काय, ते सांगते. नाकाच्या छताला, दोन डोळ्यांच्या मध्ये, चाळणीसारखं भोकं असलेलं एक पातळ हाड असतं. वासाच्या नसांचे केसांसारखे धागे त्या भोकांतून वर मेंदूत जातात. डोकं जोरात आदळतं तेव्हा कवटी थांबते, पण आतला मऊ मेंदू पुढे-मागे हिसका खातो आणि हे धागे तुटतात. त्या धाग्यांच्या अगदी वर मेंदूच्या पुढच्या भागाचा तळ टेकलेला असतो आणि त्याच्याखालचं हाड खडबडीत असतं. हिसक्यात मेंदूचा हा तळ त्या हाडावर घासला जातो. मनात आलं तरी बोलू नये, खिशात आहे म्हणून खर्चू नये, राग आला तरी ताटाला हात घालू नये, हे आवरण्याचं काम बरंचसं तिथूनच चालतं. म्हणून अपघातानंतर वास गेला आणि त्याच सुमाराला माणसाचा लगाम सुटला, तर माझं पहिलं लक्ष या जागेकडे जातं.

मी त्यांना तपासलेलं नाही. सर्दी, सायनस, कोविड यांनीही वास जातो. पण एकदा घरी करून बघा. त्यांना डोळे मिटायला सांगा, एक नाकपुडी बंद करा आणि दुसरीजवळ कॉफीची पूड, हिंगाची डबी, अंगाचा साबण असं एकेक धरा. मग दुसरी नाकपुडी. कापूर, विक्स असलं झोंबणारं काही घेऊ नका. झोंबण्याची जाणीव वासाच्या नसेने जातच नाही, ती चेहऱ्याच्या वेगळ्या नसेने जाते. मिरचीच्या धुरीने डोळ्यांतून पाणी आलं ते त्या नसेमुळे. वास अजिबात न येणाऱ्यालाही ते येतं. देवऋषाने त्यातून जो अर्थ काढला तो मनातून काढून टाका. पुन्हा कुणी धुरी देऊ, चाबूक मारू म्हणालं तर ठाम नकार द्या. भूत उतरवण्याच्या नावाखाली अशी मारहाण आणि छळ करणं महाराष्ट्रात २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. सासूबाईंवर रागवू नका. मुलगा बदललाय हे त्यांनाही दिसतंय, त्यांच्यापाशी त्यासाठी एवढाच शब्द आहे.

मग सिटी स्कॅन ‘नॉर्मल’ कसा? अपघातानंतर लगेच काढलेला सिटी स्कॅन दोन गोष्टी चांगल्या दाखवतो, रक्तस्राव आणि मोडलेलं हाड. ऑपरेशन लागेल का, हे ठरवायला तो काढतात आणि त्यासाठी तो उत्तम आहे. हिसक्याने मेंदूतले बारीक तंतू ताणले गेले, तुटले, तर ते त्यात दिसत नाही. एमआरआय काढायला सांगा. त्यात ‘एसडब्ल्यूआय’ नावाचा एक प्रकार असतो, त्यावर जुन्या रक्ताचे सूक्ष्म ठिपके काळे उमटतात. एमआरआयही स्वच्छ आला, तरी दुखापत झालीच नाही असं म्हणता येत नाही.

फोटोइतकीच मोलाची माहिती तुमच्या पत्रात आहे. ते ‘तू कधी आलीस?’ असं किती दिवस विचारत होते? अपघातानंतर नव्या आठवणी पुन्हा साठवू लागायला मेंदूला जितका वेळ लागतो, त्यावरून इजा किती खोल हे कळतं. हा काळ एका दिवसाच्या वर गेला तर इजा किरकोळ नसते. तुम्ही पाच-सहा दिवस म्हणता. तिथल्या रुग्णालयातून पूर्ण केसपेपर मागून घ्या, नुसतं डिस्चार्ज कार्ड नको. त्यात जीसीएस (माणूस कितपत शुद्धीवर आहे याचं मोजमाप) असं लिहून पुढे आकडा असेल. तो १५ पैकी असतो. १३ ते १५ सौम्य, ९ ते १२ मध्यम, त्याखाली गंभीर. हा कागद आणि ही पाच-सहा दिवसांची हकिकत पुढच्या डॉक्टरांसमोर एकत्र ठेवा.

दवाखान्यात ते शहाण्यासारखे बोलतात, याचं तुम्हाला फार वाईट वाटलेलं दिसतं. ते नाटक करत नाहीत, ताई. तिथे समोर एकच माणूस असतो. तो एकेक प्रश्न विचारतो, खोली शांत असते, वेळ दहा मिनिटांचा असतो. म्हणजे त्यांच्या मेंदूचं जे काम बिघडलंय, ते त्या दहा मिनिटांपुरतं डॉक्टर स्वतः करून देत असतात. घरी टीव्ही चालू, कुकरची शिट्टी, मुलगी फीचे पैसे मागतेय, दाराशी कुणी आलंय. तिथे ते कोसळतात. आणि ‘मला काय झालंय?’ असं ते म्हणत असतील तर तेही खोटं नाही. स्वतःतला बदल ओळखणारी जागाच दुखावली असेल तर तो बदल त्यांना दिसणार कसा?

माझ्या हातून झालेली एक चूक इथे सांगायलाच हवी. मी सांगलीत ३१ वर्षं मानसोपचार करते. बऱ्याच वर्षांपूर्वी एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. त्यांनी शाळेत जाणं सोडलं होतं, दिवसभर पलंगाच्या कडेला बसून असायच्या. मी नैराश्य म्हणून आठ महिने औषधं दिली, तीनदा बदलली. शेवटी त्यांची मुलगी, तेव्हा बारावीत होती, मला म्हणाली, ‘डॉक्टर, आई दुःखी नाहीये. ती रडत नाही. भाकरी कर म्हटलं की करते. नाही म्हटलं तर बसून राहते.’ त्या पोरीने एका वाक्यात जे सांगितलं ते मला आठ महिन्यांत दिसलं नव्हतं. नैराश्यात माणसाला आतून यातना होतात. या बाईंना यातना नव्हत्या. काही सुरू करण्याची किल्लीच हरवली होती. मी मागचं विचारलं तेव्हा कळलं की दोन वर्षांपूर्वी माळ्यावरून उतरताना शिडीवरून पडल्या होत्या आणि एक दिवस बरळत होत्या. एमआरआयमध्ये मेंदूच्या पुढच्या भागात आतल्या बाजूला जुना व्रण निघाला.

मी पहिल्याच दिवशीचा केसपेपर काढून बघितला. ‘डोक्याला मार लागला होता का?’ या प्रश्नापुढे माझ्याच अक्षरात ‘नाही’ लिहिलेलं होतं. मी विचारलं होतं, पण त्यांनाच. ज्या माणसाची आठवण पुसली गेली, त्यालाच मी आठवण विचारली होती.

तेव्हापासून मी हा प्रश्न घरच्यांना विचारते, तोही फोड करून. कधी गाडीवरून, झाडावरून, जिन्यावरून पडलात का? डोक्याला टाके पडले का? मधला काही वेळ आठवतच नाही असं झालं का? बाई असेल तर घरच्यांना बाहेर पाठवून आणखी एक प्रश्न विचारते, घरात कुणी डोकं आपटलं का? याचं ‘हो’ असं उत्तर मला जितक्या वेळा मिळालंय, तितक्या वेळा ते आधी कुणी विचारलेलंच नव्हतं.

तुमच्या डॉक्टरांविषयी मात्र घाईने मत करू नका. खर्चिकपणा, चिडचिड, अघळपघळ बोलणं, हे बायपोलरमध्येही दिसतं. शिवाय डोक्याच्या इजेनंतर खरं नैराश्य, कधी खरा उन्मादही होतो आणि त्याला औषध लागतं. पण घरात कुणाला असा आजार नसताना, चाळिशीपर्यंत एकही झटका आलेला नसताना आणि अपघातापासून सगळं सुरू झालेलं असताना, आधी मेंदू तपासायला हवा होता. त्यांना सरळ भेटा आणि म्हणा, ‘अपघाताच्या अंगाने पुन्हा एकदा बघाल का?’ बरेच डॉक्टर ऐकतात. मला कुणी तसं म्हणालं असतं तर मी ऐकलं असतं. गोळ्यांची नावं तुम्ही लिहिली नाहीत. पण थरथर, लाळ, गुंगी हे त्यांचे परिणाम असू शकतात, आणि दुखावलेल्या मेंदूला ते कमी डोसातही होतात. तरी गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. काही गोळ्या एकदम थांबवल्या तर फिट येऊ शकते. कमी करायच्या त्या डॉक्टरांच्या हातानेच.

एमआरआयबरोबर ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, फिट येण्याची शक्यता बघायला), रक्तातलं सोडियम आणि थायरॉइड बघून घ्या. न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. आणि न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून लक्ष, स्मरण, नियोजन यांच्या चाचण्या नक्की करून घ्या. त्या दोन-तीन तास चालतात, म्हणूनच दहा मिनिटांत झाकलं जाणारं त्यात उघडं पडतं. सांगली-मिरजेला सोय झाली नाही तर पुणे-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत विचारा. बंगळूरच्या निमहान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या राष्ट्रीय संस्थेत चाचण्यांबरोबर मेंदूकडून पुन्हा सराव करून घेण्याचीही सोय आहे. तो अहवाल आला की त्याची प्रत तुमच्या वकिलांना लगेच द्या. दाव्यात आज फक्त खांद्याचं हाड आहे. कोर्टात पुरावा नोंदवून संपल्यावर हे सांगणं अवघड जाईल.

अशा माणसांचं पुढे काय होतं, हे तुमच्या मनात असेलच. फिनिअस गेजचं उदाहरण डॉक्टरीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, रेल्वेसाठी खडक फोडताना, साडेतीन फुटांहून लांब लोखंडी पहार या २५ वर्षांच्या मुकादमाच्या गालातून शिरून कवटीतून बाहेर पडली. तो जगला. पण त्याचे डॉक्टर हार्लो यांनी नोंदवलं की ओळखीचे लोक म्हणत, हा आता गेज राहिला नाही. तुम्ही लिहिलंत, ‘हे ते नव्हेत.’ विद्यार्थ्यांना बहुतेक वेळा इथपर्यंतच सांगतात, मला पुढचं महत्त्वाचं वाटतं. हाच गेज नंतर दक्षिण अमेरिकेत चिलीला गेला आणि काही वर्षं सहा घोड्यांची प्रवासी गाडी हाकत होता. ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता, रोज तेच काम. त्याच्या आयुष्याचा अभ्यास करणाऱ्यांना वाटतं की त्या ठरलेपणानेच तो सावरला. अखेर १८६०मध्ये, अपघातानंतर जवळजवळ बारा वर्षांनी, फिट्स येऊन तो गेला. म्हणून ईईजीचं मी आग्रहाने सांगते, आणि तोवर त्यांना मोटारसायकल देऊ नका.

तुमच्या घरातही तो ठरलेपणा आणा. आंघोळ, चहा, गोळ्या, फिरणं यांच्या वेळा भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. एका वेळी एकच गोष्ट सांगा. दुपारी तासभर शांत खोलीत पडू द्या, मेंदू दमला की राग वाढतो. ताट उचलतील असं दिसलं की वाद घालू नका, मुलीला घेऊन दुसऱ्या खोलीत जा. हात उगारण्यापर्यंत गेलं तर दिराला, शेजाऱ्याला हाक मारा, त्यात लाज नाही. मोबाइलवरून पैसे पाठवण्याची मर्यादा बँकेत सांगून कमी करून घ्या. दारू थेंबभरही नको. कारखान्यात पत्र देऊन आकडेमोड नसलेलं, एकाच पाळीचं काम मागा. आणि आजच्या आज गॅसचं बघा. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम घातलेला असतो. तुमच्या मिस्टरांना तो येणार नाही. गळती झाली की वाजणारं यंत्र बाजारात मिळतं, ते बसवा. फ्रिजमधलं उरलेलं अन्न त्यांच्या भरवशावर ठेवू नका.

चौदा महिने झालेत. सुधारणेचा वेग पहिल्या वर्षात जास्त असतो, पुढे ती सावकाश होते, पण थांबत नाही. पूर्वीचा माणूस जसाच्या तसा परत येईल, असं मी तुम्हाला सांगणार नाही. राग, झोप, कामावरचे घोळ यांत मात्र पुष्कळ फरक पडू शकतो. आणि तुम्हाला जे रडू येतं ते येऊ द्या, ताई. माणूस जिवंत असताना त्याचं सुतक कुणी पाळू देत नाही, म्हणून ते दुःख बाईच्या आत साठून राहतं. रात्री अगदीच असह्य झालं तर १४४१६ या टेली-मानसच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन करा. तो विनाशुल्क आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. दीरांना हे उत्तर वाचायला द्या.

प्रश्न : बाबा ७४ वर्षांचे, गावी असतात. अँजिओप्लास्टी झालीय, रक्त पातळ राहण्याच्या दोन गोळ्या चालू आहेत. आई जाऊन सात महिने झाले. गेले दहा दिवस असंबद्ध बोलतात, दिवसा झोपतात, धोतर ओलं होतं, डावा पाय ओढतात. सगळे म्हणतात आईचं मनाला लावून घेतलंय. दीड महिन्यापूर्वी मोरीत घसरले होते, कपाळाला टेंगूळ आलं, तेवढंच. मन रमवण्यासाठी काय करावं?

उत्तर : हे पत्र अंकासाठी थांबवण्यासारखं नव्हतं. ज्या संध्याकाळी हाती आलं त्याच संध्याकाळी मी पत्राखाली दिलेल्या नंबरवर फोन केला आणि सिटी स्कॅन रात्रीच काढायला सांगितला. आता चिरंजीवांच्या परवानगीने छापते आहे.

म्हातारपणी मेंदू थोडा आक्रसतो. मेंदू आणि कवटीच्या मधल्या शिरा ताणलेल्या राहतात. साध्या टेंगळानेही एखादी फाटते आणि रक्त थेंबाथेंबाने आठवडेच्या आठवडे साठत जातं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर अधिकच. माणूस हळूहळू बरळायला लागतो आणि घरच्यांना ते वय वाटतं, दुःख वाटतं, विस्मरण वाटतं. पडण्याचा दिवस तोवर सगळे विसरलेले असतात. बाबांच्या त्या रात्रीच्या स्कॅनमध्ये उजव्या बाजूला जुनं रक्त साठलेलं दिसलं. गोळ्या कधी थांबवायच्या आणि कधी सुरू करायच्या, ते हृदयाच्या आणि मेंदूच्या डॉक्टरांनी मिळून ठरवलं. स्टेंट (अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवलेली जाळी) असलेल्या माणसाने ते स्वतः ठरवू नये. मग कवटीला दोन छोटी भोकं पाडून ते काळपट रक्त काढलं.

तिसऱ्या दिवशी बाबांनी चष्मा मागितला. परवा त्यांनी स्वतः मला फोन केला. बायकोचं वर्षश्राद्ध तिथीने कधी येतं ते पंचांगात बघून ठेवलंय म्हणाले, आणि मग बराच वेळ फोनवर रडले.